पाण्याचा परतीचा हिशेब

(पुणे जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने महागाईवर बोलावे, अर्थसंकल्पावर बोलावे, फार तर सहकारी साखर कारखान्यांवर बोलावे, अशी रास्त अपेक्षा असते. मी मात्र आज मैलापाण्यावर बोलणार आहे. आपल्या समाजात हा बोलण्याचा विषय नाही. मैला कोणी उचलायचा हे आपण जातीने ठरवून ठेवले आणि त्याबरोबर त्याचा विचार करण्याचे कामही त्यांच्याच अंगणात टाकून दिले. त्यामुळे नगरपालिकेच्या अंदाजपत्रकावर तावातावाने बोलणारी सुशिक्षित मंडळीसुद्धा या सदरापाशी आली की पान उलटतात. मला असे वाटते की, शहराचा खेड्याशी आणि वरच्याचा खालच्याशी व्यवहार कसा चालतो हे समजून घ्यावयाचे असेल, तर या पानाइतके बोलके पान अंदाजपत्रकात दुसरे नाही.

पुण्याचे पाणी कोठून येते हे पुणेकरांना तोंडपाठ असते. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांत किती टक्के साठा झाला, हे पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रांतून छापले जाते आणि लोक ते क्रिकेटच्या धावसंख्येसारखे वाचतात. तेच पाणी वापरून झाल्यावर कोठे जाते हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण ऐंशी टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे अभियंते धरून चालतात. ते मुठेत येते. संगमावर मुठा मुळेला मिळते. त्याआधी दापोडीपाशी पवनेने पिंपरी-चिंचवडचे पाणी मुळेत आणून सोडलेले असते. मग मुळा-मुठा हवेली आणि दौंड तालुक्यांतून वाहत भीमेला मिळते. देहू-आळंदीवरून आलेली इंद्रायणी तुळापूरला भीमेत शिरलेली असतेच. ही सारी भीमा उजनीच्या जलाशयात जाऊन थांबते. उजनीचे पाणी सोलापूर शहर पिते, इंदापूर-करमाळ्याचे मच्छीमार त्यात जाळी टाकतात, आणि धरणातून खाली सोडलेले पाणी पंढरपूरला चंद्रभागा होते. तुकोबा-ज्ञानोबांच्या पालख्या ज्या शहरातून जातात त्या शहराचे सांडपाणीही त्याच दिशेने वारी करीत असते, फक्त ते वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस चालते.

आता नदी स्वतःला साफ करते, वाहते पाणी निर्मळ असते, अशी जी आपली जुनी समजूत आहे तिचे काय? ती समजूत खोटी नाही, पण तिला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा आकड्यांत सांगता येते. मैल्यातील सेंद्रिय द्रव्य हे जिवाणूंचे अन्न आहे. ते खाताना जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. आपल्या हवामानात स्वच्छ पाण्याच्या एका लिटरमध्ये फार तर आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. मासा नीट जगायचा तर त्यातला चार-पाच मिलिग्रॅम तरी शिल्लक राहावा लागतो. उलट शहराच्या एक लिटर मैलापाण्यातील घाण खाऊन संपविण्यासाठी जिवाणूंना अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू लागतो. या मागणीलाच तज्ज्ञ ‘बीओडी’ म्हणतात. याचा अर्थ असा की एक लिटर मैलापाणी स्वच्छ नदीच्या तीस लिटर पाण्यातील सगळा प्राणवायू फस्त करू शकते. नदीला हवेतून नवा प्राणवायू मिळत राहतो, हे खरे. पण तो सावकाश मिळतो आणि मागणी एकदम येते. प्राणवायू संपला की दुसऱ्या जातीचे, प्राणवायूवाचून जगणारे जिवाणू काम हाती घेतात. सडक्या अंड्यासारखा जो वास आपल्याला पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावायला लावतो, तो त्यांचा. नदी मेली असे आपण म्हणतो तेव्हा जीवशास्त्राच्या दृष्टीने हेच घडलेले असते.

मैलाशुद्धीकरण केंद्र काय करते? नदीने कित्येक मैल वाहत जे काम केले असते, तेच काम ते चार भिंतींत, काही तासांत उरकते. प्रथम जाळ्यांमध्ये चिंध्या, प्लॅस्टिक, काठ्या अडविल्या जातात. पुढे वाळू आणि खडे खाली बसतात. मग मोठ्या टाक्यांत पाणी संथ ठेवले की जड गाळ तळाशी जातो. येथवरचे काम पाटावरवंट्याइतके सोपे आहे. खरी गोष्ट पुढच्या टाकीत आहे. तेथे पाण्यात मोठ्या पंख्यांनी वा नळ्यांनी सतत हवा घुसविली जाते आणि कोट्यवधी जिवाणूंना घाण खायला सोडले जाते. ते खातात, वाढतात, गुठळ्या होऊन पुढच्या टाकीत तळाला बसतात; वरचे निवळ पाणी निर्जंतुक करून नदीत सोडतात. तळाला बसलेल्या गाळातला काही भाग पुन्हा मागच्या टाकीत नेऊन सोडायचा, म्हणजे भुकेले जिवाणू नव्या घाणीवर तुटून पडतात. आपल्या घरी दह्याचे विरजण जसे आदल्या दिवशीच्या दह्यातून ठेवले जाते, तसाच हा प्रकार आहे. या पद्धतीत नीट चालवलेले केंद्र नव्वद टक्क्यांहून अधिक बीओडी काढून टाकते.

ही विरजणाची युक्ती कोणाची, हे समाजवाद्यांनी माहीत करून घेण्यासारखे आहे. मँचेस्टर महापालिकेच्या डेव्हीहल्म येथील केंद्रात एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट हे दोन रसायनतज्ज्ञ नोकरीस होते. मैलापाण्यात हवा सोडल्यावर उरणारा गाळ तोवर सगळे फेकून देत. या दोघांनी तो ठेवून पुन्हा वापरला, तेव्हा पूर्वी ज्या शुद्धीकरणाला आठवडेच्या आठवडे लागत होते ते काही तासांवर आले. १९१४ साली त्यांनी हा शोध जाहीर केला. आज जगातील बहुतेक मोठ्या शहरांचे मैलापाणी या ना त्या रूपात याच पद्धतीने शुद्ध होते. म्हणजे हा शोध एका नगरपालिकेच्या पगारी नोकरांनी नगरपालिकेच्या प्रयोगशाळेत लावला. सार्वजनिक क्षेत्रात नवे काही सुचत नाही, असे ठासून सांगणाऱ्यांना हे उदाहरण सांगावे. त्या दोघांना दिशा दाखविणारे गिल्बर्ट फाउलर पुढे १९१६ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. म्हणजे शोध लागल्यापासून दोन वर्षांच्या आत ही विद्या भारतात पोचली होती. आपल्याकडे विद्या उशिरा आली, असे म्हणण्याची सोय नाही.

मँचेस्टरच्या आधी लंडनचा धडा आहे, आणि तो आपल्या अधिक कामाचा आहे. १८५८ सालच्या उन्हाळ्यात थेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली की नदीकाठच्या पार्लमेंटच्या इमारतीत बसणे सभासदांना अशक्य झाले. खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराईडमध्ये भिजवून पाहिले, उपयोग झाला नाही. तेव्हा अवघ्या अठरा दिवसांत कायदा संमत झाला आणि जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याला लंडनच्या खालून प्रचंड मलवाहिन्या बांधण्याचे अधिकार मिळाले. गरीब वस्त्यांतून त्याआधी पंचवीस वर्षे पटकीने हजारो माणसे मरत होती, तेव्हा हा वेग दिसला नव्हता. वास सत्ताधाऱ्यांच्या नाकाशी आला तेव्हा दिसला. असो. बॅझलजेटचे काम भव्य होते यात शंका नाही. परंतु त्या मलवाहिन्यांनी मैला शुद्ध केला नाही, तो फक्त शहराच्या पूर्वेला बेक्टन आणि क्रॉसनेस येथे नेऊन ओहोटीच्या वेळी नदीत सोडला. लंडनचा वास गेला आणि तो खालच्या अंगाला गेला. सप्टेंबर १८७८ मध्ये ‘प्रिन्सेस अॅलिस’ नावाची प्रवासी बोट नेमकी त्या परिसरात दुसऱ्या जहाजावर आदळून बुडाली आणि साडेसहाशेच्या आसपास माणसे मेली. थोड्याच वेळापूर्वी तेथे शहराचे मैलापाणी सोडलेले होते. मैला पाण्यातून काढण्याचा विचार सरकारने त्यानंतरच्या दशकात सुरू केला. त्यानंतरही लोकसंख्या वाढत गेली, केंद्रे अपुरी पडली, आणि १९५७ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या पाहणीत शहरातून वाहणारी थेम्स जीवशास्त्रीय दृष्ट्या मृत ठरली. पुढच्या वीस वर्षांत सार्वजनिक पैशाने बेक्टन आणि क्रॉसनेसची केंद्रे नव्याने उभी राहिली, आणि १९७४ साली थेम्समध्ये साल्मन मासा पुन्हा सापडला. नदी परत येते. तिला आणण्याचा खर्च कोणी तरी उचलावा लागतो.

येथे एक तांत्रिक बाब जरा विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण तिच्यात आपल्या नद्यांची सगळी व्यथा आहे. शुद्ध केलेले पाणी किती शुद्ध असले म्हणजे नदीत सोडता येईल? इंग्लंडच्या एका राजकीय आयोगाने १९१२ साली याचे माप ठरविले: बीओडी वीस आणि तरंगते कण तीस. जगभर हे माप पाठ झाले, पण त्यामागची अट विसरली गेली. त्या आयोगाने असे गृहीत धरले होते की एक भाग शुद्ध केलेल्या पाण्यात मिसळायला नदीचे निदान आठ भाग स्वच्छ पाणी असेल. स्वच्छ नदीचा बीओडी दोन धरला तर एक भाग वीसचे आणि आठ भाग दोनचे मिळून सरासरी चार येते, आणि चारच्या आत नदी तग धरते. इंग्लंडात बारमाही पाऊस आहे, तेथे हे गणित बसते. आमच्या मुठेत मे महिन्यात आठ भाग पाणी आणायचे कोठून? धरणाच्या खाली तिच्यात स्वतःचे म्हणावे असे पाणीच नसते. जे वाहते ते शहराने सोडलेले. तेव्हा वीसचे पाणी वीसच राहते. २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेने महानगरांसाठी वीस आणि इतर शहरांसाठी तीस हे माप ठरविले. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली ते दहावर आणण्याचा आदेश दिला, तेव्हा तज्ज्ञांत बराच वाद झाला. मला लवादाचे म्हणणे मुळात पटते. ज्या देशात नदी वर्षातले आठ महिने जवळजवळ कोरडी असते, त्या देशाने ओल्या देशाचे माप उसने घेऊ नये.

शिवाय साध्या शुद्धीकरणात नत्र आणि स्फुरद यांचा मोठा भाग पाण्यातच राहतो. शेतकऱ्याला ही दोन्ही नावे खताच्या पोत्यावरून माहीत आहेत. तीच खते जलाशयात पोचली की पीक येते, फक्त ते जलपर्णीचे आणि शेवाळाचे येते. उन्हाळ्यात उजनीच्या पाण्याला हिरवट साय का धरते, याचे उत्तर पुष्कळसे येथे आहे. शेतातून वाहून येणारे खत त्यात भर घालते हेही मान्य केले पाहिजे. सगळा दोष शहरावर ढकलून चालणार नाही.

आता आपल्या देशाचा ताळेबंद पाहू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ साली जी मोजदाद प्रसिद्ध केली तिच्यानुसार भारतातील शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होते. बांधलेल्या शुद्धीकरण केंद्रांची एकूण क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर. प्रत्यक्षात रोज शुद्ध होणारे पाणी २०,२३५ दशलक्ष लिटर. महाराष्ट्राचे आकडे अनुक्रमे ९,१०७, ६,८९० आणि ४,२४२ आहेत. हे आकडे घाईने वाचणारा पहिले दोन वाचतो आणि म्हणतो, केंद्रे कमी आहेत, आणखी बांधा. माझी आपल्याला विनंती आहे की दुसरा आणि तिसरा आकडा शेजारी ठेवून वाचावा. जी केंद्रे बांधून झाली आहेत, ज्यांच्या फिती कापून झाल्या आहेत, त्यांच्या क्षमतेतला एक तृतीयांशाहून अधिक भाग रिकामा पडून आहे. देशातल्या शहरांचे सत्तर टक्क्यांहून अधिक मैलापाणी तसेच वाहत आहे, आणि त्याच वेळी ते शुद्ध करण्याची यंत्रे उभ्या उभ्या गंजत आहेत. ज्या देशात शाळेची इमारत असते पण मास्तर नसतो, तेथे याचे आश्चर्य वाटू नये.

याचे कारण सार्वजनिक आयव्ययाच्या प्राथमिक पाठात सापडते. खर्च दोन प्रकारचा असतो, भांडवली आणि महसुली. भांडवली खर्चाला दिल्लीहून अनुदान येते, जपानहून कर्ज येते, कंत्राट निघते, कोनशिला बसते, आणि कंत्राटाभोवती जे जे काही जमते ते जमते. महसुली खर्चाला यातले काही नाही. विजेचे बिल, क्लोरिन, पंपाचे सुटे भाग, कामगारांचे पगार हे दरमहा नगरपालिकेने स्वतःच्या खिशातून द्यायचे. केंद्राच्या एकूण विजेपैकी निम्म्याहून अधिक वीज त्या हवा घुसविण्याच्या टाकीला लागते. खर्च वाचवायचा तर रात्री पंखे बंद करणे हा सर्वांत सोपा उपाय, आणि त्याचा फोटो कोणी काढीत नाही. परंतु टाकीतले जिवाणू जिवंत आहेत. काही तास हवा तुटली की ते गुदमरतात, आणि मेलेले विरजण पुन्हा लागायला दिवसच्या दिवस जातात. रस्ता एकदा बांधला की वाईट का होईना रस्ताच राहतो, पूल एक दिवस दुर्लक्षिला म्हणून पडत नाही. शुद्धीकरण केंद्र मात्र रोज नव्याने चालवावे लागते. ज्या दिवशी चालवले नाही त्या दिवशी ते नाही. भांडवली कामांवर पोसलेल्या राजकारणाला असली वस्तू पेलत नाही.

दुसरे कारण जमिनीखाली आहे. केंद्र नदीकाठी उभे असते, पण त्याच्यापर्यंत मैला आणणाऱ्या वाहिन्या अर्धवट असतात. शहराच्या कडेच्या वस्त्यांचे, नव्याने समाविष्ट झालेल्या गावांचे पाणी ओढ्या-नाल्यांतून थेट नदीत जाते. पुण्याचेच पाहा. २०१६ साली केंद्राने मुळा-मुठेसाठी ९९० कोटींचा प्रकल्प जपानी कर्जाच्या आधारे मंजूर केला. त्या वेळी शहराची शुद्धीकरण क्षमता रोज ४७७ दशलक्ष लिटर होती. तीत अकरा नव्या केंद्रांची ३९६ दशलक्ष लिटरची भर पडायची होती आणि सुमारे ११४ किलोमीटर वाहिन्या टाकायच्या होत्या. मूळ मुदत २०२२ ची. प्रत्यक्ष काम सुरू व्हायलाच २०२२ साल उजाडले. त्याच वर्षी त्याच नदीच्या ४४ किलोमीटर काठांच्या सुशोभीकरणाचा, सुमारे ४,७०० कोटींचा प्रकल्पही समारंभपूर्वक सुरू झाला. पाण्यासाठी एक रुपया आणि काठासाठी पावणेपाच रुपये, हे प्रमाण ज्या शहराने निवडले त्याच्या मनात नदी म्हणजे काय आहे, ते सांगायला नको. त्यातच मार्च २०२२ नंतर कित्येक वर्षे पुण्यात लोकांनी निवडलेले सभागृहच नव्हते, प्रशासकाने कारभार पाहिला. म्हणजे हे प्रमाण चुकते आहे असे सभागृहात उभे राहून विचारायलाही कोणी नव्हते.

पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली एक विचार मांडला, तो आम्ही वर्गात बाह्य परिणाम या नावाने शिकवीत असू. एखाद्याने केलेल्या कामाचा खर्च त्याच्यावर न पडता तिऱ्हाईतावर पडतो, तेव्हा बाजारातली किंमत खोटी असते. पिगूचे उदाहरण कारखान्याच्या धुराचे होते. आपल्याकडे ते नदीवर बेतावे. पुणेकर जी पाणीपट्टी भरतो तीत पाणी आणण्याचा खर्चही पुरता निघत नाही. परत करण्याचा खर्च तर दौंडच्या विहिरीवर, इंदापूरच्या मच्छीमारावर, सोलापूरच्या जलशुद्धीकरण केंद्रावर पडतो. खालच्या माणसाने वरच्या माणसाला दिलेले हे अनुदान आहे. अनुदान म्हटले की ज्यांना शेतकऱ्याची वीज आठवते, त्यांना हे अनुदान कधी आठवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. मुंढव्याहून पंपाने उचलून बेबी कालव्यात शुद्ध पाणी सोडायचे, वर्षाला साडेसहा टीएमसी, आणि त्या बदल्यात धरणाचे पाणी शहराला वापरू द्यायचे, असा व्यवहार पाटबंधारे खाते आणि महापालिका यांच्यात ठरलेला आहे. व्यवहार तत्त्वतः चांगला आहे. पण त्या पाण्याचा दर्जा रोज कोण मोजतो, आणि शेतकऱ्याच्या हातात तो आकडा कोण देतो? कराराचे दोन पक्ष आहेत, आणि पाणी पिकाला देणारा त्या दोहोंत नाही.

खर्च खाली ढकलला तरी तो कधी कधी वर परत येतो, हेही ध्यानात असू द्यावे. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेचे पात्र सरकले आणि नजफगड नाल्याचे मैलापाणी उलटे वझीराबादच्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोचले. शहरात काविळीची अशी साथ आली की एकोणतीस हजारांवर माणसांना कावीळ झाली. साथरोगशास्त्राच्या पुस्तकांत ती साथ आजही शिकवली जाते.

पैसे नाहीत, हे नगरपालिकांचे ठरलेले उत्तर असते. या उत्तराचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच लावला आहे. मध्य प्रदेशातील रतलामच्या नागरिकांनी उघड्या गटारांविरुद्ध दाद मागितली होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निवाडा दिला की पैशाची अडचण ही नगरपालिकेला तिच्या प्राथमिक कर्तव्यातून सुटका देऊ शकत नाही. परंतु न्यायालयाने तिजोरी भरत नाही. नगरपालिकांना कामे दिली आणि उत्पन्नाची साधने दिली नाहीत, हे राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनंतरचेही वास्तव आहे. जकात गेली, तिच्या जागी वस्तू व सेवा कराची भरपाई आली, आणि शहरे राज्य सरकारच्या दाराशी अधिकच उभी राहिली. मैलापाणी शुद्ध करण्याचा खर्च कोणी भरायचा? माझे उत्तर असे की जो जितके पाणी वापरतो आणि ज्याची मिळकत जितकी मोठी, त्याने तितका भरावा. झोपडपट्टीत एका नळावर वीस कुटुंबे असतात, तर मोठ्या संकुलांत पोहण्याचे तलाव असतात. दोघांना एकच दर लावणे ही समानता नव्हे.

यावर खासगीकरणाचा तोडगा सुचविला जातो. इंग्लंडने १९८९ साली आपल्या पाणी कंपन्या विकल्या. विकताना त्यांच्यावरचे सुमारे पाच अब्ज पौंडांचे कर्ज सरकारने माफ केले. नंतरच्या काळात थेम्सचे पाणी सांभाळणारी कंपनी कर्जाच्या डोंगराखाली गेली, भागधारकांना लाभांश मिळत राहिला, आणि मे २०२५ मध्ये तेथील नियामकाने तिला सुमारे १२ कोटी २७ लाख पौंडांचा दंड केला, त्यातला मोठा भाग मैलापाण्याच्या हाताळणीतील कसुरीबद्दल. ज्या नदीला सार्वजनिक पैशाने जिवंत केले होते, तिचीच ही पुढची कथा. तथापि पोथीनिष्ठ होऊन मी हे सांगत नाही. गंगेच्या योजनेत अलीकडे जी पद्धत आली आहे, तीत कंत्राटदाराला बांधणीच्या काळात खर्चाच्या चाळीस टक्केच मिळतात आणि उरलेले पंधरा वर्षे केंद्र चालवून दाखविल्यावर मिळतात. कंत्राटदाराच्या नफ्याविषयी माझ्या शंका कायम आहेत. पण बांधण्याचा पैसा चालविण्याला बांधून टाकला, हा विचार बरोबर आहे, आणि सार्वजनिक यंत्रणेनेही तो आपल्या अभियंत्यांना लावायला हरकत नाही.

समुद्राविषयी थोडक्यात. मुंबईने पिढ्यान्‌पिढ्या असे मानले की समुद्र अथांग आहे. वरळी आणि वांद्रे येथून तीन किलोमीटरहून लांब नळ समुद्राच्या पोटात नेऊन जाळीतून गाळलेले मैलापाणी तेथे सोडण्याची योजना जागतिक बँकेच्या साहाय्याने झाली. खोल समुद्रात ते पसरते हे खरे. पण खाड्यांतून आणि मिठी नदीतून जे जाते ते भरतीबरोबर परत येते, आणि किनाऱ्याजवळची मासळी, तिच्यावर जगणारा कोळी समाज यांना अथांगपणाचा उपयोग होत नाही. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत सात नव्या केंद्रांची पायाभरणी झाली. त्यांची एकत्रित क्षमता रोज २,४६४ दशलक्ष लिटर आहे. एवढी मोठी कामे एका शहरात एकाच वेळी आपल्या देशात क्वचितच झाली असतील. ती पुरी होतील तेव्हा त्यांचे विजेचे बिल किती येईल, हा प्रश्न मी येथेही विचारीन.

आणि एक गोष्ट, जी अभियंत्यांच्या अहवालांत बहुधा शेवटच्या पानावर असते. या वाहिन्या तुंबतात तेव्हा त्यांत माणूस उतरतो. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला सफाई आणि संरक्षणाशिवाय गटारात माणूस उतरविणे गुन्हा ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई ठरविली, २०२३ साली ती तीस लाखांवर नेली. तरी वर्तमानपत्रात दर काही आठवड्यांनी दोन ओळींची बातमी येतेच, आणि त्या बातमीतल्या माणसाची जात आपल्याला न सांगताही कळते. तो बहुधा महापालिकेचा नोकर नसतो; कंत्राटदाराच्या उपकंत्राटदाराने सकाळी नाक्यावरून आणलेला असतो. नदी स्वच्छ करण्याची जी योजना या माणसाला हजेरीपटावर घेत नाही, ती योजना पर्यावरणाच्या नावाने चालणारी जुनीच व्यवस्था आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे, असे कोणी तरी विचारणारच. अंदाजपत्रक मागवावे आणि त्यात केंद्रांच्या विजेची तरतूद पाहावी. गेल्या तीन वर्षांचा प्रत्यक्ष खर्च तिच्याशेजारी मांडावा. माहितीच्या अधिकारात प्रत्येक केंद्राची दरमहाची विजेची युनिटे मागावीत. वीज हा असा साक्षीदार आहे की त्याला खोटे बोलता येत नाही: पाणी शुद्ध केल्याचा आकडा वाढला आणि युनिटे घटली, तर कोणता आकडा कागदावरचा आहे ते उघड होते. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याचा बीओडी केंद्राच्या फाटकावर मराठीत लिहिला जावा, ही मागणी करावी. आणि या मागणीसाठी जे शिष्टमंडळ जाईल त्यात दौंड, इंदापूर आणि सोलापूरची माणसे असावीत; पुण्याच्या महापालिकेत त्यांना मत नाही, पण देणे त्यांचे आहे.

केंद्र पाहायला जाणार असाल तर सकाळी नऊ-दहाच्या सुमारास जावे. त्या वेळी शहराच्या न्हाणीघरांचे पाणी एकदम येते आणि केंद्राची खरी ताकद दिसते. जमल्यास रात्री दोन वाजताही एकदा बाहेरच्या रस्त्यावर उभे राहून यावे. पंख्यांचा आवाज भिंतीपलीकडूनही ऐकू येतो.